घरीच तर असतेस! (वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं)

यावेळी पत्रांचा गठ्ठा उघडला तर एकाच गोष्टीवरची पत्रं जास्त निघाली. घरात बसून कलेचं काम करणारी माणसं, कोणी चित्रं काढतं, कोणी अक्षरं, कोणी कॉम्प्युटरवर अ‍ॅनिमेशन, सगळी आपल्या जळगाव धुळे पट्ट्यातली, आणि सगळ्यांचं म्हणणं फिरून फिरून तेच की दिवस जातो पण कोणाशी धड बोलणंच होत नाही. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या वेळी घेऊ, आज यावरच बोलू. नावं कोणाचीच छापत नाहीये.

प्रश्न: ताई, मी भुसावळला असते, वय 29. लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, सगळं टॅबलेटवर. आधी पुण्यात एका स्टुडिओत होते, लग्नानंतर इकडे आले, क्लायंट तेच राहिले. काम आहे, पैसे येतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण नवरा रेल्वेत, तो ड्युटीवर गेला की संध्याकाळपर्यंत मी आणि स्क्रीन. सासूबाई घरात असतात पण त्यांना वाटतं मी मोबाईलसारखंच काहीतरी करत बसलेय, म्हणून दर अर्ध्या तासाला हाक, आणि काही म्हटलं तर "घरीच तर असतेस". पार्सलवाल्याशी पण मी उगाच दोन मिनिटं जास्त बोलते असं हल्ली लक्षात आलंय. चित्रं पाठवली की क्लायंटचं उत्तर येतं "अप्रूव्ड", बस. मागच्या महिन्यात एक अख्खं पुस्तक पूर्ण झालं आणि मला काहीच वाटलं नाही. नवरा चांगला आहे, तो म्हणतो कलाकाराला एकटं राहावंच लागतं, चाळीसगावच्या केकी मूसांचं बघ. खरंच असं असतं का? की मीच कमी पडतेय?

उत्तर: तू कमी पडत नाहीयेस. हे आधी सांगते, बाकीचं नंतर.

तुझ्या नवऱ्याने केकी मूसांचं नाव काढलंय तर तिथूनच सुरू करू, कारण खान्देशात कोणी घरात बसून चित्र काढायला लागलं की हे उदाहरण ठरलेलंच आहे आणि मला ते नेहमी अर्धंच सांगितलं जातं असं वाटतं. केकी मूस 1912 सालचे, मुंबईत जन्मलेले पारशी, विलायतेत कला शिकून आलेले, आणि 1989 मध्ये जाईपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षं चाळीसगाव स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात राहिले, क्वचितच बाहेर पडले. पंजाब मेलने कोणीतरी येणार म्हणून रोज वाट बघायचे ही गोष्ट तर आपल्याकडे पोरासोरांना पण माहीत असते. पण आपण त्या गोष्टीतच इतके अडकतो की बाकीचं बघतच नाही. हा माणूस टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडून, प्रकाश टाकून असे फोटो काढायचा की बघणाऱ्याला खराखुरा देखावा वाटावा, टेबलटॉप फोटोग्राफी म्हणतात त्याला, आणि ते फोटो देशात, देशाबाहेर प्रदर्शनांना जायचे, स्पर्धांना जायचे, त्यांना शेकड्यांनी बक्षिसं मिळालीत. मोठमोठी माणसं चाळीसगावला उतरून त्यांच्या घरी जायची. म्हणजे ते स्वतः उंबरठा ओलांडत नव्हते पण त्यांचं काम ओलांडत होतं, आणि लोक आत येत होते. तुझ्याकडे उलटं झालंय बघ, तुझं काम जातं, पण कोणी ते बघितलं, त्यावर थांबलं, काही बोललं, हे तुझ्यापर्यंत परत येतच नाही. नवऱ्याला हे वाचून दाखव.

मला विचारशील तर तुझं दुखणं माणसांची गर्दी नाही हे नाहीये. तुला पार्ट्या नकोत, भिशी नको, तसं असतं तर तू लिहिलं असतंस. तुला हवंय कोणीतरी अर्धवट चित्र बघणारं. पुण्यात स्टुडिओत काय होतं आठव, कोणीतरी चहा घेऊन मागून जायचं, जाता जाता स्क्रीनकडे बघायचं, "अरे हा हत्ती भारी झालाय, पण सोंड जरा जड वाटतेय का" म्हणायचं आणि पुढे जायचं. त्या दोन वाक्यांना तेव्हा कोणी किंमत देत नाही, मी पण दिली नसती. पण दिवसातून अशी चार-पाच वाक्यं मिळाली की माणसाला आपण काम करतोय हे कळत राहतं. घरी आल्यावर नेमकं तेच जातं. मग चित्र पूर्ण होईपर्यंत ते फक्त तुझ्या डोळ्यात असतं, आणि पूर्ण झालं की थेट "अप्रूव्ड". मध्ये काहीच नाही. म्हणूनच पुस्तक संपल्यावर काही वाटलं नाही, कारण आनंद व्हायचा तो थोडा थोडा रोज होत असतो, शेवटच्या दिवशी एकदम होत नाही. भाजी चुलीवर असतानाच कोणीतरी मीठ बघावं लागतं तसंच आहे हे.

अजिंठ्याचं उदाहरण देते, आपल्या जवळचं आहे म्हणून. मेजर रॉबर्ट गिल नावाचा फौजेतला अधिकारी 1844 मध्ये लेण्यांमधल्या चित्रांच्या नकला करायच्या कामावर लागला, अजिंठा गावातल्या बारादरीत राहायचा, वर्षानुवर्षं मोठमोठ्या कॅनव्हासवर काम करत राहिला. त्याची तिथली सोबतीण पारो 1856 मध्ये गेली, तिची कबर अजून त्या गावात आहे. लंडनला पाठवलेली त्याची बहुतेक चित्रं 1866 च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. आणि शेवटी 1879 मध्ये तो गेला तो तुझ्या भुसावळलाच, तिथल्या जुन्या कबरस्तानात आहे तो. त्याच्यानंतर तेच काम जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी घेतलं, 1872 ते 1885, पण ते आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आले होते, त्यात पुढे नाव काढलेले पेस्तनजी बोमनजी पण होते. त्यांच्या पण बऱ्याच नकला पुढे लंडनमध्ये आगीत गेल्या, नशीब तेच. पण ती पोरं तिथे एकमेकांच्या शेजारी बसून काम करत होती, एकमेकांचे कॅनव्हास बघत होती. मी जेव्हा जेव्हा अजिंठ्याला जाते तेव्हा मला हाच फरक आठवतो. गिलची चिकाटी मोठी होती यात वादच नाही, पण तसं जगणं कोणी स्वतःहून निवडावं असं मला वाटत नाही, आणि कोणाला तसं जगायला सांगू तर अजिबात नये.

आता करायचं काय. सगळ्यात आधी पुण्याच्या जुन्या सहकाऱ्यांपैकी एक जण निवड, एकच, जिच्याशी तुझं जमतं. ती पण आता घरूनच काम करत असायची शक्यता भरपूर आहे. दोघींनी रोज ठरलेल्या वेळी फोन लावून ठेवायचा, व्हिडिओ असो नसो, आणि आपापलं काम करायचं. बोलायलाच पाहिजे असं नाही, तासभर गप्प बसलात तरी चालतंय. तिकडून कुकरची शिट्टी ऐकू येते, ती मधेच "यार हा निळा जमत नाहीये" म्हणते, तू मान वर करतेस. बरेच जण असं करतात आता, आणि ज्यांनी करून बघितलं ते सोडत नाहीत. आणि त्या कॉलवर रोज एक रफ दाखवायचं, फायनल नाही, रफच. फायनल दाखवलं की समोरचा फक्त छान म्हणतो, त्याने काही होत नाही.

क्लायंटला पण शिकवावं लागतं. नुसतं "अप्रूव्ड" येतं कारण तू नुसती फाईल पाठवतेस. पुढच्या वेळी रफ पाठवताना खाली एक नेमका प्रश्न लिही, "या पानावर मुलाचा चेहरा घाबरलेला वाटतोय की रुसलेला?" असा. प्रश्न विचारला की माणूस चित्राकडे बघतो. सगळे देणार नाहीत उत्तर, पण एखादी संपादक देईल, आणि कदाचित फोनच करेल. आणि पुस्तक छापून आलं की त्यांच्याकडून तुझी प्रत मागून घे, लाजायचं नाही, ज्यांच्याशी तसं ठरलेलं नसेल त्यांच्याशी पुढच्या कामाच्या वेळी आधीच ठरवून घे. ती प्रत का पाहिजे ते खाली सांगते.

सासूबाईंचं. हे जरा नाजूक आहे, कारण तू इथे नवीन, त्या त्यांच्या घरात. "मला डिस्टर्ब करू नका" असं म्हटलंस तर सरळ भांडण. त्यांना तू काय करतेस हे दिसतच नाहीये, स्क्रीन त्यांच्यासाठी स्क्रीनच आहे, मोबाईल असो की टॅबलेट. म्हणून छापलेलं पुस्तक हातात दे, पहिल्या पानावरचं तुझं नाव दाखव. नातवंडं, शेजारपाजारची पोरं असतील तर त्यांना सासूबाईंनीच वाचून दाखवू दे. आणि दुसरं, त्यांना कामात ओढ. तुला पोळ्याचा बैल काढायचाय, झूल कशी घालतात, शिंगांना काय बांधतात, त्यांना विचार. कानबाई कशी मांडतात, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते ती, रोट कसे करतात, गुलाबाईच्या वेळी पोरी कशा बसायच्या, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, झोका कुठे बांधायचे. हे सगळं इंटरनेटवर शोधलंस तर दहा फोटोत आठ चुकीचे निघतील, आणि ती बाई तुला बसल्या बसल्या सांगेल, वर "हे असं नसतं माय, पुसून टाक" पण म्हणेल. मिळाली की तुला अर्धवट चित्र बघणारी! आणि ज्या बाईने चित्र सुधारायला लावलंय ती मग दर अर्ध्या तासाला हाक मारत नाही, कारण तिला आता माहितीये आत काय चाललंय. कामाच्या वेळा मात्र ठरवून सांग, सकाळी या वेळेपासून या वेळेपर्यंत, आणि ते तुझ्या नवऱ्याने आईला सांगावं, तू नाही.

घराबाहेर पडण्याचं पण बघ. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये भुसावळ पंचेचाळीसच्या घरात जातं, सकाळी दहानंतर रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात तर आपोआप माणूस दोन-तीन महिने कूलरसमोर कैद होतो आणि हे एकटं पडणं त्या दिवसांत फार वाढतं. तेव्हा दिवसच उलटा लाव. पहाटे उठून जे मन लावून करायचं ते काम, मग दुपारी ज्याला डोकं लागत नाही ते, रंग भरणं, फाईली लावणं, बिलं पाठवणं, आणि ऊन उतरलं की बाहेर, रोज, काही झालं तरी. आणि तुझ्या गावात एवढं मोठं जंक्शन आहे! दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढ, दोन तास चालतं ते, साधी वही आणि पेन्सिल घेऊन बाकावर बस आणि माणसं काढ. गाठोडी, झोपलेली पोरं, हमाल, केळीवाले. कोणीतरी मागे येऊन उभं राहतंच, "हे मी आहे का?" विचारतं. टॅबलेट नेऊ नकोस, वहीच ने, वहीकडे लोक येतात.

शेवटचं, आणि हे नीट वाच. पुस्तक संपल्यावर काही वाटलं नाही हे तू लिहिलंस, एकदा असं झालं तर थकवा असू शकतो. पण दोन आठवडे झाले तरी झोप लागत नाही किंवा सारखी झोपच येते, जेवण जात नाही, चित्र काढायचीच इच्छा राहिली नाही, सारखं रडू येतंय, जगण्यातच अर्थ नाही असं काही मनात येतंय, असं असेल तर वर सांगितलेल्या कशानेही भागणार नाही, डॉक्टरकडे जायचं. सरकारची टेलिमानस म्हणून हेल्पलाइन आहे, नंबर 14416, पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं. हे फक्त तुलाच नाही, हे पान वाचणाऱ्या सगळ्यांना सांगतेय, नंबर लिहून ठेवा.

प्रश्न: ताई नमस्कार. मी पारोळ्याचा बोर्ड पेंटर. तीस वर्षं दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाट्या, निवडणुकीच्या भिंती रंगवल्या. फ्लेक्स आला आणि धंदा बसला. आता घरी मागच्या खोलीत थोड्याफार नेमप्लेटा करतो, पोरगा सुरतला आहे, पैसे पाठवतो, खायची चिंता नाही. पण दिवस खायला उठतो. तुमच्या पेपरात तरुणांचेच प्रश्न असतात, आमच्यासारख्यांनी काय करायचं?

उत्तर: आप्पा, नमस्कार, आणि तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. तरुणांचे जास्त छापतो हे खरंय, यापुढे लक्ष ठेवते.

तुमचं आणि वरच्या भुसावळच्या पोरीचं दुखणं मला सारखं वाटत नाही. ती पहिल्यापासून खोलीत बसून काम करणारी, तुम्ही तीस वर्षं रस्त्यावर काम केलेले. शिडीवर उभं राहून दोरीला चुना लावून रेघ मारायची, खाली चार माणसं मान वर करून बघणार, कोणी "पेंटरभाऊ ळ मोठा झाला" म्हणणार, चहावाला न सांगता चहा आणून देणार. तुमची कला बघ्यांसमोरच घडलेली आहे, तुम्हाला कोणी मागच्या खोलीत बसवलंय?

उद्याच सगळं सामान मागच्या खोलीतून उचला आणि पुढच्या ओट्यावर मांडा. गंमत म्हणून सांगत नाहीये, याने खरोखर फरक पडतो. जाणारा येणारा थांबेल. नेमप्लेट तीच, पण आत केलेली कोणी बघत नाही आणि ओट्यावर केलेली अख्खी गल्ली बघते, त्यातून एखादं काम पण येतं.

दुसरं. शाळांमधून एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या चित्रकलेच्या सरकारी परीक्षा असतात ना, इंटरमिजिएटला भूमितीच्या पेपरातच अक्षरलेखन पण असतं, आणि पोरं तिथेच अडतात, कारण हल्ली हाताने ठळक, सारख्या जाडीचं अक्षर काढायला शिकवणारं कोणी उरलेलंच नाही. दहावीला या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात म्हणून आईबापांना पण त्यात रस असतो. तुम्ही गावातल्या हायस्कूलच्या चित्रकला सरांना जाऊन भेटा, परीक्षेच्या आधी आठवड्यातून एक तास मी पोरांना अक्षरं शिकवतो म्हणून सांगा. पैशांचं नंतर बघा. चोपड्याला ललित कला केंद्र आहे, तिथेही चौकशी करायला हरकत नाही, शिकणाऱ्या पोरांना तुमचा ब्रश कसा चालतो हे नुसतं बघायला मिळालं तरी पुष्कळ आहे.

आणि एक माझी कळकळीची विनंती. तुमच्या हातच्या ज्या पाट्या अजून पारोळ्यात, एरंडोलात, अमळनेरात कुठे कुठे शिल्लक असतील त्यांचे फोटो काढून ठेवा, कोणत्या साली केली, कोणासाठी केली, रंग कोणता होता, सगळं वहीत लिहा. फिरायला निमित्त होईल, जुनी गिऱ्हाइकं भेटतील, त्यांच्या दुकानात बसाल. मुंबई-पुण्यातली डिझाइन शिकणारी पोरं आता हाताच्या अक्षरांच्या मागे लागलीयेत, गावोगावच्या पाट्यांचे फोटो काढत हिंडतात. पारोळ्याच्या पाट्यांचं पारोळ्याच्या माणसानेच लिहून ठेवलं तर मला फार आनंद होईल. झाली वही की मला कळवा, मी स्वतः बघायला येईन.

प्रश्न: मी अमळनेरहून लिहितेय. मुलगा 24 वर्षांचा, अ‍ॅनिमेशन शिकला, आता घरून अमेरिकेच्या कंपनीसाठी काम करतो, रात्रभर जागा आणि दिवसभर झोपलेला. खोलीचं दार बंद. नातेवाईक विचारतात काय करतो, मला सांगता येत नाही. मित्र सगळे पुण्याला गेले. बोलायला गेलं तर चिडतो. काळजी वाटते.

उत्तर: वहिनी, अमेरिकेतला दिवस म्हणजे आपली रात्र, नऊ-दहा तासांचा किंवा त्याहूनही जास्त फरक असतो, त्यामुळे तो रात्री जागतो यात त्याचा दोष नाही, कामच तसं आहे. तो आळशी आहे असं घरात कोणी म्हणत असेल तर आधी ते बंद करा. रात्रभर काम करून सकाळी झोपलेल्या पोराला "उठ, दहा वाजले" म्हणणं म्हणजे तुम्हाला कोणी रात्री दोनला उठवण्यासारखंच आहे.

पण काळजी बरोबर आहे तुमची. मुलगा घरात आहे आणि तरी घरातल्या कोणाच्याच वेळेत नाही, सकाळी तुमचा चहा तेव्हा त्याची झोप, त्याचं जेवण तेव्हा तुम्ही झोपलेल्या. अशी पोरं हळूहळू फक्त स्क्रीनवरच्या माणसांचीच होतात आणि ती माणसं पण सात समुद्रापलीकडची. एक जेवण एकत्र असं पक्कं करा, संध्याकाळचं, तो उठल्यावर आणि कामाला बसायच्या आधी. त्या जेवणात नोकरी, लग्न, पगार, अमक्याचा मुलगा, हे विषय काढायचेच नाहीत. शेवभाजी करा, भरिताचे दिवस असतील तर भरीत करा, आणि गप्पा दुसऱ्या कशाच्याही मारा.

दाराचं असं की ते तुम्ही वाजवून उपयोग नाही, त्याने उघडलं पाहिजे. त्याला एकदा सांगा की नातेवाईकांना मला सांगता येत नाही तू काय करतोस, मला एकदा दाखव ना. आवाजात तक्रार नको, खरंच बघायचंय असं वाटलं पाहिजे. तो म्हणेल तुला नाही कळणार. म्हणू दे, दोन दिवसांनी परत विचारा. अ‍ॅनिमेशनमध्ये एका सेकंदाला साधारण चोवीस चित्रं लागतात, एक माणूस नुसता खुर्चीवरून उठतो एवढं दाखवायला किती मेहनत असते हे तुम्ही शेजारी बसून बघितलंत ना, तर तुम्हाला त्याचा अभिमान वाटेल आणि तो त्याला तुमच्या चेहऱ्यावर दिसेल. मग नातेवाईकांना काय सांगायचं ते पण आपोआप सुचेल.

मित्र गेले ते गेले, पण तुमचं अमळनेर काही ओसाड नाही. साने गुरुजींचं गाव, प्रताप कॉलेज आहे, 2024 मध्ये साहित्य संमेलन झालं तेव्हा किती पोरं राबत होती तिथे. त्यातली नाटकवाली, शॉर्टफिल्मवाली पोरं अजून काही ना काही करत असतीलच, त्यांना अ‍ॅनिमेशन येणारा माणूस सापडला तर ती उड्या मारतील. पण हे तुम्ही जुळवायला जाऊ नका, आईने शोधून दिलेले मित्र कोणालाच नको असतात. फक्त कानावर घाला आणि सोडून द्या. चिडणं फारच वाढलं, किंवा तो जेवायला पण बाहेर येईना, तर वर दिलेला 14416 तुम्ही स्वतः पण लावू शकता, घरच्यांनी कसं वागायचं हे पण तिथे विचारता येतं.

प्रश्न: आम्ही धुळ्यात चित्र काढणाऱ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला, साठ-सत्तर जण आहेत, पण भेटायचं ठरवलं की तिघंच येतात. बाकी सगळे फक्त गुड मॉर्निंग आणि स्वतःच्या चित्रांचे फोटो. बंद करावा का?

उत्तर: ग्रुप राहू द्या, पण त्याच्याकडून अपेक्षा सोडा. तीन येतात ना, मग तुमचा ग्रुप तीन जणांचाच आहे असं समजा, आणि तीन खूप झाले. भेट दर वेळी नव्याने ठरवू नका, तिथेच माणसं गळतात, "या रविवारी जमेल का" विचारलं की सत्तर जणांची सत्तर कारणं येतात. दिवस, वेळ, जागा कायमची ठरवून टाका, विचारायचंच नाही, जो येईल तो येईल. पावसाळ्यात पाऊस उघडला की लळिंगचा किल्ला, हिवाळ्यात पांझरेच्या काठाने, उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा मग सावलीतली जागा, राजवाडे संशोधन मंडळात आधी विचारून जुन्या वस्तू बघत स्केच करता आले तर फारच छान, ती संस्था 1927 पासून तुमच्या गावात आहे आणि कितीतरी धुळेकरांनी ती आतून बघितलेली नाही.

भेटीत पूर्ण झालेली चित्रं आणायला बंदी करा. अर्धवट, बिघडलेली, अडलेलीच आणायची. नवीन आलेला माणूस घाबरून पळतो तो बाकीच्यांची फ्रेम केलेली चित्रं बघून, अडलेलं चित्र बघितलं की तो बसतो. आणि चहाचे पैसे ज्याने त्याने द्यायचे हे पहिल्याच दिवशी सांगून टाका, नाहीतर जो दर वेळी देतो तो चौथ्या भेटीला येत नाही.